गाडी लावायला गेलेली मावशी

प्रिय मावशीस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (खोलीत माझी खाट, रूममेटची खाट आणि मध्ये तिचं इस्त्रीचं टेबल, एवढ्यात साष्टांग मावत नाही, म्हणून तो बसल्या बसल्या घातला आहे. गोड मानून घे.) तुझी टाच कशी आहे? गरम पाण्याचा शेक घेतेस की बादली भरून नुसती तिच्याकडे बघत बसतेस? आई म्हणते, निवृत्त झाल्यापासून तुझा नि जिन्याचा संबंधच उरलेला नाही, दूधसुद्धा वर मागवतेस. आई वाढवून सांगते हे मला ठाऊक आहे, पण ती सहसा खरं तेच वाढवते.

इकडे अभ्यास सोडून बाकी सगळं ठीक. तू ठेवलेलं भिंगरी हे नाव मी अजून राखून आहे. वर्गात माझा पाय हलतो तेव्हा अख्खा बाक हलतो, आणि पलीकडच्या टोकाला बसलेल्या मुलीचं अक्षर माझ्यामुळे बिघडलं असं तिचं म्हणणं आहे. (आत्ताच उठून खिडकी लावून आले. उकडायला लागलं म्हणून परत उघडून आले. हं, तर काय सांगत होते.) जगात एकाच ठिकाणी मी गप्प बसते, ते म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमात. म्हणून इथल्या संगीत मंडळाची सभासद झाले. सुरुवातीला रूममेटला सोबत नेलं. आलाप सुरू झाला तेव्हा ती कानाशी येऊन म्हणाली, "गाणं कधी सुरू होणार?" आणि गाणं सुरू झाल्यावर म्हणाली, "कधी संपणार?" तेव्हापासून एकटी जाते. (आईला बोलू नकोस. तिच्या समजुतीप्रमाणे मी मुलींच्या घोळक्यात जाते. तो घोळका म्हणजे मीच.)

आता तुला अनुभवाचं सांगते. एकटीने गाणं ऐकायला काहीच अवघड नाही, कारण दिवे मालवले की सगळेच एकटे असतात. खरी परीक्षा मध्यंतरात. दिवे लागतात, माणसं जोडीजोडीने उभी राहतात, आणि आपले हात एकदम जास्तीचे वाटायला लागतात. मी चहाच्या रांगेत उभी राहते. नंबर जवळ आला की काहीतरी विसरल्यासारखं कपाळावर हात मारते आणि परत शेवटी जाऊन उभी राहते. चहावाल्याला वाटतं मला विसरण्याचा आजार आहे. हल्ली तो मला लांबूनच हाक मारून कप देतो, त्यामुळे तोही वेळ जाईनासा झाला. मग मी भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याच्या सूचना वाचते. आग लागली तर या सभागृहात माझ्याइतकं तयार माणूस सापडणार नाही. पण अजून लागलेली नाही.

आणि लोकांना एकटी मुलगी बघवत नाही गं. आमच्याकडे खुर्च्यांना आकडे नाहीत, रुमाल टाकून जागा धरायची पद्धत. एकदा माझी ओढणी सहज शेजारच्या खुर्चीवर पडली होती. पलीकडे दातांचे एक डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई बसतात, दोघंही फार प्रेमळ आणि फार चौकस. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोणी येतंय का?" नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "येतेय ती. गाडी लावतेय." कोण, म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी.

झालं. तुला नुसतं बोट दिलं तर तू हातच धरलास. पुढच्या कार्यक्रमाला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशींना गाडी लावायला जागा नाही का मिळाली?" मी म्हटलं, नाही ना. त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच इतरांना सांगितलं. बघता बघता तू मोठी दर्दी झालीस. गाणं कच्चं असेल तर दारातून परत फिरणारी, अशी तुझी ख्याती झाली (ही मी पसरवलेली नाही, ती आपोआप झाली). मंडळाच्या चिटणीसांनी पहिल्या रांगेतली खुर्ची तुझ्यासाठी राखून ठेवली आणि तिच्यावर 'मावशी' असा कागद चिकटवला. त्यांनाही तुझं नाव विचारायचा धीर झाला नाही.

गेल्या कार्यक्रमाला मात्र कळस झाला. व्हायोलिनवाले मोठे, सभागृह गच्च, माणसं भिंतीला टेकून उभी, आणि तुझी खुर्ची रिकामी. चिटणीस माईकवर आले आणि म्हणाले, मावशी गाडी लावताहेत, दोन मिनिटं थांबू या. मावशी, अख्खं सभागृह थांबलं. व्हायोलिनवाले खुंट्या पिळत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. माझा पाय असा हलायला लागला की डॉक्टरांची रांगच हलली. शेवटी मी बाहेर गेले, मोकळ्या हवेत उभी राहिले आणि परत येऊन म्हटलं, चाक बसलंय. वाटलं, आता तरी सुरू करतील. तर डॉक्टर बाह्या सरसावून उठले, त्यांच्यामागे आणखी दोघं, आणि चाक बदलायला वरात निघाली. "कुठली गाडी?" मी हात वर केला आणि तो जिकडे गेला तिकडे एक राखाडी गाडी होती. डॉक्टरांनी चारही चाकं दाबून पाहिली, जसे दात तपासावेत तशी. एकही हललं नाही. गाडीत बसलेला माणूस काच खाली करून विचारायला लागला, काय झालं म्हणून. तो व्हायोलिनवाल्यांचा ड्रायव्हर होता.

मी म्हटलं, मावशी चिडून रिक्षाने घरी गेली असणार. सगळ्यांनी मान डोलावली. मावशींसारख्या मोठ्या माणसाला जागेसाठी बाहेर ताटकळत ठेवलं, चिडतील नाहीतर काय, असं वर चिटणीसच म्हणाले. आत येऊन व्हायोलिन सुरू व्हायच्या आधी त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की पुढच्या शनिवारी मावशी आल्याशिवाय पडदा उघडणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या, काय करणार.

असो. तुला थोडं हसू यावं म्हणून लिहिलं, बाकी काही नाही. टाच शेक. दुधासाठी तरी खाली उतर.

तुझी,
भिंगरी

ता. क. : सोबत शनिवारचा पास आहे. सकाळची बस धरलीस तर निवांत पोचशील. तुला काही बोलावं लागणार नाही. हातात एक किल्ली धर, कुठलीही चालेल, आणि जरा रागावल्यासारखी दिस. दूधवाल्याशी बोलताना दिसतेस तेवढं पुरे.

आणखी ता. क. : तू म्हणशील, काका गेल्यावर मी कुठल्या गाण्याला गेले आहे का, एकटीने कुठे जायचं. मावशी, "येतेय ती" हे मी बनवलेलं नाही. तू कचेरीतून उशिरा यायचीस, काका खुर्चीवर रुमाल टाकून बसायचे आणि विचारेल त्याला सांगायचे, येतेय ती. मी मध्ये बसलेली असायचे. एकदाही तू आली नाहीस असं झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तेच तोंडात आलं, आणि मला तुझी इतकी आठवण आली की मला नाही म्हणताच आलं नाही.

शेवटचा ता. क. (हे आधी लिहिलं असतं तर तू बसमध्येच चढली नसतीस) : शनिवारी माझी तोंडी परीक्षा आहे आणि ती लांबणार. पूर्वार्ध तुला एकटीलाच ऐकावा लागेल. मध्यंतराला मी धावत पोचतेच, मध्यंतरात मी तुला एकटी ठेवणार नाही. तोवर शेजारच्या खुर्चीवर तुझा रुमाल टाकून ठेव. डॉक्टरीणबाई विचारतीलच, भाची कुठे म्हणून. सांग, येतेय ती, गाडी लावतेय.