कवचकुंडलधारी जीप आणि मातोश्रींचा दहीभात

केदारखेडा,
रविवार, सायंकाळ

राजूरक्षेत्रस्थ, ट्रॅक्टरधारी, तीर्थस्वरूप दाजी अंगदराव यांच्या चरणी शालक भुजंगाचा साष्टांग नमस्कार. (उदराच्या विस्तारामुळे त्यातील काही अंगे भूमीस पोचली नाहीत, ती पोचल्याचे मान्य करावे.) आपले पित्त शांत असेल, वंदनाताईचा रक्तदाब आणि आपल्या म्हशीचे दूध ही दोन्ही आपापल्या मर्यादेत असतील, अशी आशा आहे. फोन सोडून पत्र कशाला, असे आपण विचाराल. फोनवर माझ्या पहिल्या वाक्यातील क्रियापद अवतीर्ण होण्यापूर्वीच आपण "बरं, ठिवतो" म्हणता. पत्रास ती सोय नाही.

विषय आपल्या परिचयाचा आहे. कापसाच्या पहिल्या वेचणीपूर्वी घरातील ज्येष्ठ स्त्रीने शेतात जाऊन सीतादई करावी, म्हणजे कपाशीची पूजा करून दहीभात चौफेर शिंपडावा आणि मगच बायकांनी बोंडाला हात लावावा, हा आपल्याकडील दंडक. मातोश्रींनी तो या घरात आल्यापासून पाळला. गतवर्षी मात्र त्यांचे गुडघे आणि शेताकडे नेणारी आमची पांदण या दोघांनी एकदमच साथ सोडली, आणि दहीभात सौ. दैवशालेच्या हस्ते गेला. मातोश्री काही बोलल्या नाहीत. (त्या न बोलल्याचा आवाज वर्षभर घरात येत होता.) म्हणून मी, संस्कृतचा एक निरुपद्रवी शिक्षक, चारही चाकांना बळ देणारी एक जुनी जीप खरेदी केली. हेतू एवढाच की माय शेतात पोचावी.

हेतू शुद्ध असला की मनुष्य थेट दुकानात जातो. जालन्यात तातेराव नामक गृहस्थ वाहनांस अलंकार व कवचे चढवितात. त्यांनी जीपभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि नाडी पाहिलेल्या वैद्याप्रमाणे मुद्रा गंभीर केली. "सर, गाडी चांगलीय, पण बिलकुल उघडी हाय." त्या क्षणापर्यंत ती मला उघडी वाटली नव्हती, त्यानंतर तिच्याकडे पाहण्याचा संकोच होऊ लागला. मग पुढे लोखंडी गार्ड आला (समोरून म्हैस आली तर), उदरास पोलादी पत्रा आला (खालून दगड आला तर), गार्डमागे विंच आली (चिखलात रुतल्यास तारेने झाडाला धरून स्वतःस ओढून काढणारे यंत्र), मस्तकी कॅरिअर आला, टायर थोर झाले, आणि पाण्यात शिरल्यास इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून काचेशेजारी एक उत्तुंग नासिका उभी राहिली. पूर्णेच्या पुरात गाडी सापडली तर काय, असे मी विचारता तातेराव म्हणाले, "गाडी बराबर जिती राहील, सर." आणि मी? "तुमी पोहायचं."

सरतेशेवटी रंगास ओरखडा पडू नये म्हणून सर्वांगावर पारदर्शक फिल्म चढली. नव्या सीटकव्हरांवरचे प्लॅस्टिक तेवढे मी काढू दिले नाही. ते काढण्याइतका शुभ दिवस आपल्याकडे कोणाच्याच घरी उगवलेला नाही.

गाडी घरी आली. मातोश्री तिच्यासमोर उभ्या राहिल्या, वर पाहिले, आणि विचारले, "भुजंगा, शिडी कुठंय?" मग पायदान बसविले. त्या चढल्या, प्लॅस्टिकवर स्थानापन्न झाल्या, आणि पहिल्याच वळणावर विनासायास माझ्या अंगावर आल्या.

काल सीतादई ठरली होती. पांदणीच्या तोंडाशी मी गाडी थांबविली. परतीच्या पावसाने काळी माती लोण्यासारखी झाली होती, परंतु भय तिचे नव्हते. दोन्ही अंगांनी बाभळी आत झुकल्या होत्या, आणि त्यांचा प्रत्येक काटा माझ्या फिल्मकडे पाहत होता. पांदणीसाठी घेतलेले वाहन, दाजी, मला पांदणीत घालवेना. मातोश्रींनी थोडी वाट पाहिली. मग म्हणाल्या, "काटा लागल म्हणून थांबलास व्हय? मला इतकी सालं काटे लागू राह्यले, तवा कुणी फिलम न्हाई लावली." आणि प्लॅस्टिकवरून घसरून (अवतरणास ते फारच उपयुक्त आहे) दहीभाताचे गाडगे घेऊन चालू लागल्या.

मी मागे धावलो. मातोश्रींचे गुडघे वळणापर्यंतच पुरले. तेथे शेजारी सर्जेरावांचे शेत लागते. आमचे तिथून दिसते, पण तेथवर पोचवत नाही. मातोश्री त्यांच्या बांधावर बसल्या आणि वेळ टळू नये म्हणून म्हणा, माझ्यावरील रागाने म्हणा, सारा दहीभात त्यांच्याच कपाशीवर शिंपडून मोकळ्या झाल्या. सर्जेराव हात जोडून उभे! "काकू, सोनं केलं बघा आमचं. दरसाल येत जा." आमच्या शेताबाबत मात्र घरी येताच हुकूम सुटला, "म्या दहीभात टाकल्याबिगर आपल्या कापसाला कुणी हात लावायचा न्हाई." बोंडे फुटून लोंबत आहेत, मावळतीला पुन्हा ढग जमले आहेत, आणि वेचायला आलेल्या बायका परत गेल्या आहेत. आणखी एक पाऊस आला, तर वर्षाचा कापूस मातीत जाईल.

चिंता आहेच, परंतु विचार निराळाच छळतो. मी मायीसाठी गाडी घेतली, आणि गाडीसाठी मायीला उतरू दिले. हे स्थित्यंतर कोणत्या नटबोल्टापाशी घडले, ते मी शोधतो आहे. प्रत्येक कवच आपापल्या जागी सयुक्तिकच होते. आपण वस्तू इतकी जपतो की अखेर तिला आपल्यापासूनच जपू लागतो. कपाटातल्या चांगल्या कपांनी अद्याप चहा पाहिलेला नाही. ताईने पाठविलेला रेशमी सदरा मीही प्रसंगाची वाट पाहत घडीत ठेवला. आता प्रसंग आला तरी मी त्यात मावणार नाही.

असो. घरातील सर्वांस यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद व म्हशीस चारा.

आपला कवचबद्ध शालक,
भुजंग

ता. क. : खरे काम पुढीलप्रमाणे. उद्या आपण यावे आणि जीप पांदणीतून आपणच हाकावी. आपणास कोणत्याही वाहनाविषयी ममता नाही, हे आपल्या ट्रॅक्टरकडे पाहताच कळते. मी मागे डोळे मिटून गाडगे धरून बसेन.

ता. क. (सोमवार, सकाळ) : येऊ नये. मातोश्री आज आपण होऊन जीपपाशी गेल्या, पायदानावर पाऊल ठेवले, आधारासाठी हात टेकला, आणि हातातील पाटलीने दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा उमटला. (एवढ्या लांबीचा आधार सहसा कोणी घेत नाही.) त्या शांतपणे म्हणाल्या, "लागला ना एक? चल मंग आता." सीटवरचे प्लॅस्टिक त्यांनी पहाटेच काढून गोवऱ्यांवर झाकल्याचे नंतर दिसले.

ता. क. (शेतातून, बॉनेटवर कागद ठेवून) : यावे, पण ट्रॅक्टर घेऊन. सीतादई यथासांग झाली. उरलेला दहीभात मातोश्रींनी जीपच्या नासिकेवरही शिंपडला. तदनंतर जीप रुतली. विंचला झाड लागते, आणि आमच्या शेतात कपाशीवाचून काही नाही. बाभळी सगळ्या पांदणीत आहेत. गावातला ट्रॅक्टर बोलाविला तर पाठोपाठ गाव येईल, म्हणून चतुर्थीच्या गणपतीदर्शनाला राजूरला निघालेल्या सर्जेरावांच्या हाती हे पत्र देत आहे. तथापि घाई नसावी. बायका परत आल्या आहेत, वेचणी जोरात आहे. गार्डवर भाकरीची फडकी वाळताहेत, कॅरिअरवर कापसाची गाठोडी चढली आहेत, आणि त्याच्याच दांडीला एकीने लेकराची झोळी बांधली आहे. माय गाडीच्या सावलीत बसून ती हलवते आहे. ट्रॅक्टर बांधापलीकडेच बंद करावा. लेकरू आत्ताच झोपलं आहे.