सुरैयाच्या माडाचा नारळ

मंगळवार, १ ऑक्टोबर २०२४
सौदीच्या डोंगरातल्या या अबहात आज ढग थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी! तिसरीतली समुद्राची कविता म्हणत बसलो. पुढे मुलाकडून, शारीककडूनही मीच पाठ करून घेतली होती. पण चौथं कडवं कुठून सुरू होतं? आठवेना. डोंगरात बसून समुद्राची कविता — शारीकची अम्मी, सुरैया असती तर हसली असती.

बाजाराचा दिवस. हाशमच्या दुकानात टेकलो. म्हातारा रानफुलं नि रैहान विकतो. रैहान म्हणजे आपल्या तुळशीची बहीण. स्वतःच्याही डोक्याला फुलांचं कडं. तरुणपणीच्या, इथल्याच तबूकच्या नोकरीतली माझी अरबी अजून पुरते. म्हणाला, "आमच्यात बाळंतिणीच्या डोक्याला हिरवं बांधत. मुलगा चिडतो — बाबा, हे धर्मात कुठे आहे? मी म्हणतो, तुझ्या आजीच्या डोक्यावर होतं!"

हसलो खरा, पण मन कपाटातल्या नारळाकडे. सुरैयानं लावलेल्या माडाचा. घरात कुणा पोटुशीला सातवा महिना लागला की ती खाडीवर जायची, फातिहा पढायची आणि पाण्याच्या पीराच्या, ख्वाजा खिजरच्या नावानं नारळ पाण्यात सोडायची. शेजारी कोळणी त्यांच्या दर्याला सोडत. पाणी एकच.

सूनबाईला, अदिबाला, सातवा लागलाय. नात झेबा, तिच्यानंतरची दोन राहिली नाहीत. समुद्र इथून दोन तास, घाट उतरून. नेशील का, हे शारीकला विचारायचं कसं?

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
आजही विचारलं नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर
झेबाला शाळेचा प्रोजेक्ट. ग्वाटेमालातलं डोंगरातलं बाजाराचं गाव. तिथले माया लोक चर्चच्या पायऱ्यांवर धूप जाळतात, आत जमिनीवर पाकळ्या नि मेणबत्त्या ठेवतात. वाडवडिलांना हाक मारतात, येशूलाही. फोटो पाहून मी म्हटलं, "अगं, ही तर आपल्या गावचीच माणसं!" आणि भरात येऊन नारळाचं सांगून बसलो.

पोरीनं जेवताना बापाला सांगितलं! "पप्पा, दादा इज जस्ट लाइक द माया पीपल! कपाटात कोकोनट आहे, समुद्राला द्यायला."

शारीकचा हात ताटातच थांबला. "अब्बा, अल्लाहशिवाय कुणाला काही वाहायचं नसतं. नमाज तुम्हीच शिकवलीत ना मला?"

"नमाज मी शिकवली. नारळ तुझ्या आईचा."

"खलास, अब्बा. घरात हा विषय नको."

अदिबा उठून आत गेली. तिला काय वाटतं, कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर
पहाटे अदिबाला रक्तस्राव. दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टरीणबाई नुसतं "दुवा करा" म्हणाल्या. शारीक बाकावर बसून नखं खात होता — परीक्षेआधी खायचा तशी. पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
कपाटात नारळ नाही!
झेबा म्हणते, "आय डिडन्ट टच इट, दादा. कसम."
म्हणजे त्यानंच. फेकला असणार. खाली जाऊन कचऱ्याचा डबाही उपसून आलो. चौकीदार बघत होता. बघू दे.
जुम्म्याच्या नमाजेला शारीक आमच्या मशिदीत दिसला नाही. दुपारभर फोन बंद. बायको तिकडे पडलीय नि हा कुठे? मगरिबला, तिन्हीसांजेला आला, सरळ न्हाणीघरात शिरला. मी माझं ताट घेऊन खोलीत जेवलो.

सोमवार, १४ ऑक्टोबर
रक्त थांबलं. बाळाचे ठोके नीट आहेत. अल्हम्दुलिल्लाह!
शारीकशी अबोला चालूच. तिच्या माडाचा होता रे तो.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
हाशमनं सुनेसाठी रैहानची जुडी दिली, पैसे घेईना. पिशवीत रुमालाखाली लपवून दवाखान्यात नेली — चोरासारखी. अदिबानं वास घेतला आणि उशाखाली सरकवली. म्हणाली, "ह्यांना सांगू नका हं, अब्बा."

बुधवार, १६ ऑक्टोबर
दवाखान्यात जाताना गाडीत माझ्या पायाशी वाळू. समुद्राची, शिंपल्यांचा चुरा असलेली. मी शारीककडे पाहिलं. तो रस्त्याकडेच बघत राहिला. तिसऱ्या सिग्नलला म्हणाला, "फातिहानंतर अम्मी काय म्हणायची, अब्बा? मला आठवेना. मग तुमची ती तिसरीची कविता म्हटली. अख्खी."

मी चौथं कडवं विचारलं. त्याला येत होतं.