लग्न लागलेला तलाव

भिलाई, ता. १२ सप्टेंबर १९५७

ती. सौ. मथुराताईस,
धाकट्या दौलतचा सा. न. वि. वि.

शेवंताचे दहा दिवस पार पडले. आपलं माणूस इथे कोणी नव्हतं. शेजारच्या गावचा सुखराम रोज सकाळी मला न्यायला येई. गावची माणसं एकामागे एक तलावावर जात, माझ्याबरोबर आंघोळ करून गप्प परत येत. तलावाच्या मधोमध लाकडी खांब आहे. इकडे तलावाचं लग्न लावतात आणि तेव्हा तो खांब रोवतात. लग्न न लागलेल्या तलावाचं पाणी कार्याला चालत नाही. पावसाळ्यात हे कळल्यावर शेवंता म्हणायची, त्याच्या लग्नाला गावजेवण झालं, आपल्या लग्नात वरणही पुरलं नव्हतं.

ताई, एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. मे महिन्यातल्या मोजणीत हाच तलाव मी नकाशावर पडीत जमीन म्हणून लिहिला. तळाला भेगा होत्या, गुरं चरत होती. त्या खांबालाच मी मोजणीची झेंडी बांधली. दिवाळीनंतर तिथे रस्त्याचा भराव पडणार आहे.

तुझा,
दौलत

गोंदिया, ता. २० सप्टेंबर १९५७

चि. दौलतला अनेक आशीर्वाद.

दोन दिवस माझं स्वयंपाकात लक्ष नाही. हे म्हणतात, साहेबाला सांगितलंस तर नोकरी जाईल. लहानपणी आईचा रांजण फोडून तू मांजरीचं नाव घेतलंस अन् मग तापानं पडलास. अजून तसाच आहेस. आता काहून गप्प बसला? त्याच पाण्यानं तुले दहा दिवस सांभाळलं ना? नोकरी गेली तर इकडे ये. माझ्या घरी वरण पुरतं.

तुझी ताई

भिलाई, ता. ६ नोव्हेंबर १९५७

ती. सौ. ताईस सा. न.

साहेबांना सांगितलं. फार रागावले. मग पँट दुमडून माझ्याबरोबर पाण्यात उतरले. रस्ता थोडाच सरकवता आला. अर्धा तलाव बुजला, अर्धा राहिला. मधला खांब आता काठावर आला आहे. माझ्याकडचे नकाशे काढून घेतले. नोकरी राहिली, पण पुन्हा खालच्या जागेवर मोजणीची साखळी ओढतो.

सुखरामलाही सांगितलं. तो म्हणाला, ठाऊक होतं. मे महिन्यात तो आमच्याकडे मजुरीवर होता. झेंडीची दोरी त्यानंच दिली होती. हा तलाव आहे, असंही तेव्हा म्हणाला होता. पावसाळ्यापुरतं डबकं असेल, असं समजून मी लिहिलं नव्हतं. मग दहा दिवस मला कशाला नेलंस, असं विचारलं. तुमच्या घरी मरण झालं होतं, एवढंच म्हणाला आणि बैल सोडायला गेला.

वर्षश्राद्धाला तू ये. आंघोळीपुरतं पाणी राहिलं आहे.

माया आहे तशीच असू दे.

तुझा,
दौलत