काळाचा घास

१५ जुलै, रविवार
बगासची आई आली आणि आमचं लग्नच अडवून गेली! मी एकुलती. एकुलतं लेकरू म्हणजे काळाचा घास — म्हणून आधी शुद्धीचा बाहुल्यांचा खेळ, माझे केस कापणं, फुलांच्या पाण्यानं अंघोळ. "मगच माझ्या उंबऱ्यात पाऊल!"
बाबा कडाडले, "माझी मुलगी अल्लाच्या हवाली आहे. मशिदीचा इमाम मी — माझ्या अंगणात काळाला नैवेद्य?"
चहा तसाच राहिला.

१६ जुलै
बगासला, तो शिकवतो त्या शाळेच्या फाटकाशी गाठलं. तुझं काय म्हणणं? — "आई म्हणते तर…"
माणूस चांगला. कणा तेवढा नाही!

१९ जुलै
घरात बाबा, बाहेर बगासची आई. दोघंही म्हणतात, तुझ्याच भल्यासाठी. सुरो, म्हणजे मोहरमचा महिना, लागला की लग्नं बंद. पुढे लोकांची तोंडं.
आईला विचारलं. ती तांदूळ निवडत राहिली.

२२ जुलै, रविवार
चोरून सुगितो आजोबांकडे गेले. हा खेळ करणारे आता ते एकटेच. म्हटलं, गुपचूप उरकता येईल का?
भीमाच्या चामडी बाहुलीचा तुटका हात शिवत होते. "काळाला मी बिस्मिल्ला म्हणूनच परत धाडतो. तुझ्या बापाला ठाऊक आहे."
त्यांना कसं ठाऊक?
"पोरी, तुझी शुद्धी झालीय. तीन वर्षांची होतीस, तापानं फणफणलेली. केस मी कापले. तू बापाच्या मांडीवर. तो रडत होता."
घरी कशी पोचले, आठवत नाही. आईनं मान खाली घातली — "त्यांना विचारू नकोस."

२६ जुलै
एक वाक्य बोलले की लग्न होतं. तेच वाक्य बोलले की बाबांना मशिदीत तोंड दाखवायला जागा नाही. गेल्याच वर्षी दार्सोकाकांच्या अंगणातला असाच खेळ त्यांनी बंद पाडला — काका हात जोडत होते, पोरगी आजारी आहे म्हणून! मी जीभ दाताखाली धरून बसलेय. बाबा माझ्याकडे बघतात, मग दुसरीकडे.
बगासच्या आईचा निरोप — उद्यापर्यंत काय ते कळवा.

२७ जुलै, शुक्रवार
मशिदीच्या भोंग्यावर बाबांचा खुतबा, जुम्म्याचं प्रवचन. मधेच थांबले. आई आणि मी स्वयंपाकघरात. मग — "माझ्या लेकीच्या तापात मीही सुगितोदादाचं दार ठोठावलं होतं. दार्सो, मला माफ कर."