आमटीवरचा पहारा

कळंब,
ता. ११ एप्रिल १९८७

चि. जयवंतास कोंडाजीमामाचे पोटभर आशीर्वाद. इकडे मामीची आमटी सोडून सर्व खुशाल. खोपोलीच्या कारखान्यातला तुझा कॉम्प्युटर बरा असेलच, तुझ्या पोटाचं मात्र कळव.

गावजेवणाची आमटी तुझी मामीच करते आणि गेल्या दोन लग्नांत ती तोंडात धरवेना, हे तू ऐकलंच असशील. शेजारच्या सदूनं बजावलं, "पोरीच्या साखरपुड्याला खारट झाली तं लग्नाला कर्जतचा आचारी आणीन." मामीनं दोन दिवस अन्न सोडलं. तेव्हा मला तुझी विद्या आठवली. प्रोग्राम कुठं चुकतो हे बघायला तुम्ही मधलीच एक आज्ञा उचलता, तिच्या जागी 'थांब' ठेवता. थांबला की सगळं न्याहाळता, मूळ आज्ञा जागेवर ठेवून तेवढीच चालवता, आणि पुन्हा 'थांब'.

साखरपुड्याला तेच केलं. फोडणीच्या वेळी मामीला उठवून चुलीपाशी सदूला बसवलं. तो ओरडला, "थांबा!" अख्खा मांडव थांबला (व्याही पानाला चुना लावता लावता). मी आमटी चाखली, मामीला बसवून फोडणी घालून घेतली, पुन्हा सदू. (एकदा मामीला परत बसवायचंच विसरलो, त्यात तेल पेटून सदूची अर्धी मिशी गेली.) मधेच सगळे थांबले, पण सदू तर ओरडलाच नव्हता! म्हैस मांडवात शिरली होती. थांबल्यावर कशानं थांबलं हे आधी शोधावं, असं तू म्हणायचास ते पटलं.

दुसरा पहारा जागेवर नाही, वस्तूवर. मिठाचा डबा सोनुबाईच्या मांडीवर दिला. म्हातारीला दिसत नाही, पण वजन कळतं. डबा हलका झाला की ओरडायचं, आधी किती आणि आता किती ते सांगायचं. पुढच्याच थांब्याला ती किंचाळली, "भरलेला व्हता, आता मूठभर कमी हाय!"

जयवंता, माझा हात डब्यात होता. तंबाखूनं जीभ मेलेली. दर वेळी चाखलं की आमटी अळणी लागायची, आणि मी घरचा माणूस म्हणून मूठभर टाकायचो. त्या दोन लग्नांतही चाखायला मीच गेलो होतो. धुरानं सदूचे डोळे मिटलेले, म्हणून निभावलं. मी डबा गळका ठरवला. आमटी मात्र खारटच झाली, आणि सदू आचारी ठरवायला कर्जतला जाणार आहे.

तुझा,
कोंडाजीमामा

ता. क. कॉम्प्युटरनं दोष डब्याचाच काढला, असं मामीला चार ओळींत लिही, मी तिला वाचून दाखवीन. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. माझं नाव नको.

ता. क. जयवंता, मी मामी. मी प्रौढांच्या वर्गाला जाते, ते मामाला ठाव नाय. पाकीट चिकटवाया माज्याकडंच दिलं. दोन लग्नांत मी मान खाली घालून बसले रं. सदूला पत्र वाचून दावलं, आचारी नाय येत. तू लग्नाला ये. मामाला पाणी वाढाया ठेवलाय. पाणी कोनी चाखून बघत नाय.