दीड इंच

३ नोव्हेंबर
स्टूलचा प्रयोग बंद. सुमननं एक पाय स्टूलवर ठेवला, दुसरा गाडीत टाकायला गेली आणि डाव्या पायानं दगा दिला. माझ्या अंगावर पडली म्हणून निभावलं. लकव्याला सात महिने झाले, तो पाय अजून अर्धाच तिचा आहे.

उचलून बसवतो म्हणालो तर तोंड फिरवलं. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी चौघांनी तिला गाडीतून उचलून आत नेलं होतं. लुगडं गुडघ्याच्या वर, अख्खी गल्ली बघत उभी. ते ती विसरत नाही. "मले पोत्यावानी कोनं उचलाचं नाही. तुमीबी नाही."

आणि दादांना तर भेटायचंय. दादा म्हणजे तिचे मोठे भाऊ, झरीकडच्या गावात असतात. घशाचा आजार. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याला आठवडा झाला. आईमागं त्यांनीच हिला वाढवलं.

४ नोव्हेंबर
विटांवर पुस्तकं रचून मोजलं. सु. चा डावा पाय उचलतो साडेचौदा इंच. गाडीचा उंबरठा सोळा. म्हणजे सगळं दीड इंचावर अडलंय.

गाडी खाली घ्यायची. चारही स्प्रिंगा बदलून बुटक्या टाकायच्या.

५ नोव्हेंबर
चौकातल्या गॅरेजवाल्याला सहज विचारलं. म्हणाला, काका, कटर मारून दोन वेढे उडवतो, अर्ध्या तासात गाडी जमिनीला. हसून सांगत होता. मी एकतीस वर्षं डेपोत बसखाली झोपून काढली, मला सांगतो. कापलेली स्प्रिंग जागेवर धड बसत नाही, मोठ्या खड्ड्यात सुटते. त्या गाडीत माझी बायको बसणार आहे. चहा अर्धा टाकून उठलो.

प्राजक्ताला नागपूरला फोन केला. तिच्या नवऱ्यानं आमच्याच गाडीच्या मापाच्या, बरोबर दीड इंच कमी, अशा शोधून मागवल्या. शॉकअपही नवे. सतरा वर्षांचे जुने शॉकअप बुटक्या स्प्रिंगेला सांभाळणार नाहीत. प्राजक्ता म्हणाली, पप्पा, त्यापेक्षा लहान गाडी भाड्यानं करा ना. म्हटलं, बाई, मामाच्या गावचा नाल्यातला रपटा विसरलीस का? लहान गाडीचं पोट घासतं तिथं. आपल्या गाडीखाली सात इंच आहेत, दीड गेले तरी साडेपाच उरतात.

९ नोव्हेंबर
पार्सल आलं. सु. नं एक स्प्रिंग मांडीवर घेऊन पाहिली. "एवढ्याशा फरकानं होते?" होते म्हटलं.

१० नोव्हेंबर
सकाळी सातला लागलो. मागची चाकं अडवली, पुढून जॅक, पण भरवसा स्टँडवर, जॅकवर नाही. स्प्रिंग दाबून धरायचे क्लॅम्प डेपोतल्या जुन्या दोस्ताकडून आणले होते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, म्हणून सु. ला आतच बसवलं. ती खिडकीतून बघत राहिली. दुपारी पुढच्या दोन्ही झाल्या. कंबर गेली.

११ नोव्हेंबर
मागच्याही झाल्या. बंप रबर नवे. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, वजन आल्यावरच पक्के आवळले. हवेत आवळले तर बुश पिळून फाटतं. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं, टायर कुठं लागत नाही. ब्रेकचे पाइप मोकळे. उंबरठा मोजला: साडेचौदा.

१२ नोव्हेंबर
यवतमाळला जाऊन अलाइनमेंट, हेडलाइट वर घेतले. येताना मुद्दाम खराब रस्ता धरला. आवाज नाही. घरी येऊन प्रत्येक नट पुन्हा पाहिला.

संध्याकाळी सु. चढली. उजवा हात वरच्या कडीला, डावा पाय आधी, मग बूड टेकलं, मग उजवा. कोणाचा हात नाही. मी मागं उभा होतो, हात पुढं करायचे नाहीत म्हणून पाठीशी बांधून. तासभर दारातल्या दारात गाडीतच बसून होती. शेजारणीशी काचेतून बोलली. खरं सांगायचं तर मी घरात जाऊन रडलो.

१४ नोव्हेंबर
नऊला निघालो, दोघंच. सु. नं हिरवं पातळ नेसलं. दादांसाठी ज्वारीची पातळ कण्हेरी डब्यात, घशाखाली तेवढंच जातं म्हणे.

रपट्याशी पोचलो. पावसाळ्यात निम्मा वाहून गेलाय, मधे दगड वर आलेत. हळू घातली. दहा फुटांवर इंजिनखालच्या ऑइल चेंबरला दगड घासला, पूर्ण अंगातून गेला तो आवाज. रिव्हर्स घेतला. दुसऱ्या कडेनं घातली, तेच.

आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. सतरा वर्षं आम्ही या रपट्यावर आलो की सगळे खाली उतरतात, चपला हातात घेऊन पाण्यातून चालत जातात, आणि मी रिकामी गाडी काढतो. सु. सगळ्यांच्या पुढं असायची, पलीकडं जाऊन मला हातानं वाट दाखवायची. माझ्या डोक्यातले सात इंच ते रिकाम्या गाडीचे. साडेपाच मोजले, पण ती आत बसलेली असेल, गाडी तेवढी आणखी दबेल, हे धरलंच नाही. चोख काम केलं मी, अगदी चोख.

दादांचा मुलगा विलास फोन केल्यावर पलीकडून आला, बरोबर दोन माणसं आणि प्लास्टिकची खुर्ची. चांगला पन्नाशीचा माणूस, गुडघाभर पाण्यात उभा राहून हात जोडून म्हणाला, "आत्या, खुर्चीत बस फक्त. बाबा सकाळपासून इचारून राह्यले, सुमी आली का म्हनून."

ती नाही म्हणाली. पलीकडं दादांच्या घराचं टिन दिसत होतं. त्याच्याकडे बघत नाही म्हणाली. डबा तेवढा दिला.

परत आलो.

१५ नोव्हेंबर
बोलत नाही. जेवलीही नाही. मी चेंबर पाहिलं, पोचा आलाय, गळत नाही.

विलासचा फोन: कण्हेरी दोन चमचे घेतली. सुमीनं केली का, विचारलं.

१६ नोव्हेंबर
सकाळी स्वतःच बोलली. "मी कायले नाही म्हनलं हो? माह्या भावाच्या दारात कोन हासनार होतं मले?" मी म्हटलं चूक माझी, मोजायला मी चुकलो. म्हणाली, "तुमी गाडी मोजली. मी लाज मोजत बसली."

मग म्हणाली, जुन्या स्प्रिंगा घाला परत, पाण्यातून खुर्ची नको, गाडी थेट दादांच्या दारात न्या. जुन्या उंचीवर दोघं बसून गाडी निघते का? निघेल म्हटलं, दगड चुकवला तर. मी विचारलं, मग तू चढशील कशी? "तुमी उचला. तिकडं विलास हाय."

जुन्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, काढल्या. उद्या पहाटेच लागतो, परवा निघू.

१७ नोव्हेंबर
पुढच्या दोन्ही जुन्या बसल्या. मागची डावी बसली. उजवी काढून खाली ठेवली आणि विलासचा फोन आला. दादा साडेदहाला गेले. माती चार वाजता, जास्त थांबता येत नाही म्हणाला.

सु. ला सांगितलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. रडली नाही. मी तिथंच पायरीवर बसलो, हात ग्रीसचे तसेच. आता काय घाई करायची, असं माझ्या तोंडून गेलं.

"वहिनी हाय ना तिकडं," म्हणाली. "बसवा ते एक."

आता पावणेबारा. शेजारीण तिला घरातलं पातळ बदलून फिकं नेसवते आहे, तेवढ्यात हे लिहिलं. एक स्प्रिंग म्हणजे तास, चाकांवर उभी करून बोल्ट आवळायला अर्धा. पुढं दोन तासांचा रस्ता. मग रपटा. हिला उचलायचं कसं, हे अजून एकदाही करून पाहिलेलं नाही.