दोन्ही रस्ते चालू असताना

दहिवली, सोमवार

प्रिय वनिता,

तुझ्या बाबांनी, धाऊकाकांनी, भोंगा बंद केला नव्हता. त्या सकाळी त्यांनी पेटी उघडलीसुद्धा नव्हती. भोंग्याची पेटी बनवणाऱ्या कंपनीच्या सुप्रिया मॅडमनी हे गेल्या बुधवारी लेखी कळवलं, आणि मी उलट विचारल्यावर फोनवर पुन्हा सांगितलं. बॅटरी बदलायला पेटी त्यांच्या कारखान्यात गेली होती, तिथे त्यांनी तिच्या पोटातली नोंद वाचली. भोंगा चालू करणारा संदेश तारेवरून आला होता आणि बंद करणाराही तारेवरूनच. आतलं बटण त्या दिवशी कुणी दाबलेलं नाही. हे सगळ्यात आधी लिहितो आहे, कारण पुढचं तू वाचशील की नाही याची मला खात्री नाही. एवढं तरी पोचायला हवं.

तुझा नाशिकचा पत्ता तुझ्या आईने, आवडीकाकूंनी, दिला. तू त्यांना दर रविवारी फोन करतेस आणि बाबांकडे फोन देऊ नको म्हणतेस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. तू नर्स झालीस आणि तुझा वॉर्ड आता लहान मुलांचा आहे, हे ऐकून बरं वाटलं. मी तुला फोन करू शकलो असतो, नंबर तोच आहे. पण मागच्या वेळी फोनवरच मी तुझ्याशी जे बोललो, त्यानंतर फोनवर माझ्या तोंडून खरं निघेल असा मलाच भरवसा उरला नाही. कागदावर माणूस खोडतो तेव्हा खोडलेलं दिसतं.

बारावीच्या परीक्षेआधी मी आठ दिवस आसणवाडीला येऊन तुझ्याबरोबर गणितं सोडवत होतो, ते तुला आठवत असेल. माझ्या आईला ते आवडलं नव्हतं आणि तिने कारण काही सांगितलं नव्हतं. आपण दोघांनीही ते कधी बोलून दाखवलं नाही. काका डोहातून चिंबोऱ्या आणायचे, मंगळीआत्या त्या चुलीवर शिजवायची, आणि मला नांगी फोडता येत नाही म्हणून काका म्हणायचे, याला फोडून दे गं वने, दहिवलीचं पोरगं हाय, इंजिनेर व्हणार म्हनं. आत्या हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायची. तुझं हॉस्टेलचं सामान डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणणारी तीच होती. तुला आईपेक्षा ती जास्त रागवायची, हे तूच सांगितलं होतंस. मी हे सगळं विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर आज लिहायला सोपं गेलं असतं.

तलावातून कारखान्यांसाठी दर शुक्रवारी पाणी सोडतात. उन्हाळ्यात कोरड्या नदीत ते अचानक येतं, म्हणून काठाने चौदा भोंगे बसवायचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि त्यांचं जाळं जोडायचं काम माझ्याकडे आलं. आसणवाडीच्या खालच्या खांबाला राखणदार हवा होता. मीच काकांचं नाव सुचवलं. तू तेव्हा नाशिकहून मला मोठा मेसेज पाठवला होतास. बाबांना पहिल्यांदा महिन्याचा पगार, पहिल्यांदा ओळखपत्र. ओळखपत्र गळ्यात घालून ते नेरळच्या बाजारात गेले होते, नुसते फिरायला. पेटीची किल्ली त्यांच्या हातात देताना मी त्यांना बजावलं होतं की धूळ पुसण्यापुरतं दार उघडा, पण आतल्या कशालाही हात लावायचा नाही, काही झालं तरी नाही. त्यांनी ते माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं.

आता जे लिहितो ते कंटाळवाणं आहे, पण नीट वाच, कारण सगळं त्यातच आहे. भोंगा कधीही मुका होऊ नये म्हणून प्रत्येक खांबाला दोन रस्ते दिले होते. एक रस्त्याकडेची फायबर, दुसरा डोंगरावरच्या टॉवरवरून येणारा रेडिओ. दोन्ही दुसऱ्या कंपन्यांचे. त्यांच्यावरून आम्ही आमचं जाळं अंथरलं होतं. म्हणजे आपलं पाकीट त्यांच्या पाकिटात घालून पाठवायचं, आणि खांबाजवळच्या डब्याने वरचं पाकीट फोडून आतलं तारेवरून खांबावरच्या पेटीला द्यायचं. रस्ते दोन म्हणून असे डबेही दोन. तलावावरच्या ऑफिसातून निघालेला संदेश सगळ्यांसाठी असतो, त्यामुळे तो दोन्ही डब्यांकडे पोचतो. मग दोघांपैकी एकानेच तो पुढे द्यायचा आणि दुसऱ्याने टाकून द्यायचा. कुणी द्यायचा हे ते आपसांत ठरवतात. पण त्यासाठी आपण दोघं एकाच खांबाला बांधलेलो आहोत हे त्यांना कळावं लागतं, आणि ते कळावं म्हणून दोन्हीत एकच ओळख क्रमांक लिहावा लागतो.

तो क्रमांक लिहिणं माझं काम होतं. मी कुंभिवलीच्या खांबाची मांडणी उचलून आसणवाडीला चिकटवली, एका डब्यातला क्रमांक बदलला, दुसऱ्यातला कुंभिवलीचाच राहिला. त्यामुळे ते दोन डबे एकमेकांना ओळखतच नव्हते. दोघांनाही वाटत होतं, या खांबाला आपणच एकटे आहोत. दोघंही संदेश पुढे देणार होते. आणि पेटी अशी की टीव्हीच्या रिमोटवरच्या लाल बटणासारखी, एकदा संदेश आला की चालू, पुन्हा आला की बंद.

मी चाचणी केली नाही असं नाही. फायबर काढून भोंगा वाजवला, वाजला. रेडिओ बंद करून वाजवला, वाजला. चाचणीच्या कागदावर या दोनच चौकटी होत्या आणि मी दोन्हींत खूण केली. आमच्या धंद्यात सगळी भीती रस्ता तुटण्याची असते. दोन्ही रस्ते धडधाकट असताना काय होईल हे मी एकदाही पाहिलं नाही. पाहायला दहा मिनिटं लागली असती, पण टॉवरला कायमची वीज यायची होती आणि तोवर रेडिओ फक्त चाचणीपुरता जनरेटरवर चालवत होतो. पाच शुक्रवार भोंगा एकट्या फायबरवर नीट वाजला. टॉवरला वीज आली ती एप्रिलमधल्या दुसऱ्या गुरुवारी. मला ऑफिसात कुणीतरी पेढा दिला.

शुक्रवारी सकाळी काय झालं ते तुला माहीत आहे. वाडीतल्या तीन बाया मासे धरायला नदीत उतरल्या होत्या. भोंगा अर्धा सेकंद वाजला आणि थांबला. काका आरडाओरडा करत नदीकडे धावले, दोघींना त्यांनी हाताला धरून वर काढलं. मंगळीआत्या खालच्या डोहाशी होती. तिच्यापर्यंत ते पोचले नाहीत.

शनिवारी सकाळी ऑफिसात आलो तेव्हा सगळे एकच बोलत होते: तलावावरून संदेश एकच गेला, भोंगा मात्र चालूही झाला आणि बंदही झाला, म्हणजे बंद करणारा हात खांबापाशीच असला पाहिजे. मी माझ्या जागेवर बसून दोन्ही डब्यांचे आकडे उघडले. एकाच संदेशाच्या दोन प्रती खांबाला गेल्या होत्या. रेडिओचा रस्ता संथ, त्यामुळे दुसरी अर्धा सेकंद मागून. मला समजायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. आणि मग मी दुसऱ्या डब्यातला क्रमांक दुरुस्त केला. मनात असं म्हणालो की आधी बाकीच्या माणसांचा धोका टळू दे, सांगायचं नंतर सांगू. पहिलं खरं होतं. दुसरंही तेव्हा मला खरंच वाटत होतं.

मंगळवारी चौकशीची माणसं आली. त्यांनी दोन्ही रस्ते चालू ठेवून भोंगा वाजवून पाहिला. मी दुरुस्त केलेला भोंगा. तो दहा मिनिटं असा वाजला की कुंभिवलीपर्यंत ऐकू गेला असेल. यंत्र ठणठणीत आहे, असं तिथल्या तिथे लिहून घेतलं आणि सगळे काकांकडे वळले. माझ्या दुरुस्तीनेच त्यांना दोषी ठरवलं, वनिता, आणि मी चार हातांवर उभा होतो. आमच्याच एका माणसाने विचारलं की भोंग्याला पण झोप आली होती का रे धाऊ, आणि दोनतीन जण हसले. दुसरा हळूच म्हणाला की प्यालेला असेल. काकांनी दारू सोडून सहा वर्षं झाली हे मला माहीत होतं. काका म्हणाले, “भोंगा हुंकला न् गप झाला, सायेब. मी पेटीला हात लावला नाय.” मग त्यांना विचारलं, गप्प झाला तर तुम्ही बटण दाबून पुन्हा चालू का केला नाहीत? ते म्हणाले, हात लावायचा नाय असं सांगितलं व्हतं. कुणी सांगितलं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तेवढाच. आणि म्हणाले, “आठवत नाय.”

मी तुझा मित्र, म्हणून त्यांनी मला वाचवलं. मी त्यांना वाचवलं नाही. काम जाईल, खटला होईल, आईला कसं सांगू, हे सगळं डोक्यात होतंच. पण आणखी एक होतं. मला ठाऊक होतं की कातकऱ्यावर बोट ठेवलं की पुढचं कुणी विचारत नाही. दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर त्यांनी दोन्ही डबे उघडायला लावले असते. मी ते तोंडाने कधी म्हटलं नसतं, कुणी म्हटलं असतं तर भांडलो असतो. पण त्या दिवशी मी त्याच्याच आडोशाला उभा राहिलो.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू रडत नव्हतीस. तू म्हणालीस, “बाबांनी बंद केला का? बाकी कुणाचं मी ऐकणार नाही. तू सांगितलंस तर मानेन.” मी म्हणालो, “नोंदीत तसंच दिसतंय.” शब्द खोटा नव्हता. ऑफिसच्या नोंदीत तसंच दिसत होतं. हे उत्तर मी अकरा महिने किती वेळा मनात तपासलं आहे, ते तुला सांगून उपयोग नाही. त्यानंतर तू बाबांशी बोलली नाहीस. आत्याच्या दिवसांनाही तू आली नाहीस. काकांचं ओळखपत्र काढून घेतलं आणि चौकशीच्या कागदात कारण म्हणून त्यांचं नाव बसलं. मी अधूनमधून तुला सणाच्या शुभेच्छा पाठवत राहिलो आणि तू उत्तरं देत राहिलीस.

सुप्रिया मॅडमनी ती मेल फक्त मला पाठवली होती. दोन्ही संदेश तारेवरून कसे, तुमच्याकडे काही कारण सापडतंय का, एवढंच विचारलं होतं. ती आली नसती तर मी आज हे लिहीत असतो का? मला वाटत नाही. आल्यावरही मी दोन दिवस ती उघडी ठेवून बसलो. शनिवारी चौकशी समितीला सगळं लिहून दिलं, जुन्या मांडणीची प्रत जोडली, कंपनीलाही कळवलं. आईला जेवताना सांगितलं. ती ताटावरून उठली नाही, पण जेवलीही नाही.

काल काकांकडे गेलो. ते आणि आवडीकाकू या हंगामात नेरळच्या बाजूला वीटभट्टीवर आहेत. तिकडे इमारती इतक्या वाढल्यात की भट्ट्यांना माणसं पुरत नाहीत. मी बोलत असताना काकांनी साचा खाली ठेवला नाही. भरायचा, उपडा करायचा, उचलायचा. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आवडीकाकू म्हणाल्या, “अकरा म्हैने रं?” काकांनी रांग पुरी केली, हात पुसले आणि एकच विचारलं, “वनीला सांगितलंस?” मी म्हणालो, गुरुवारी खालापूरला सुनावणी आहे, तिथे सिद्ध झालं की लगेच सांगतो, म्हणजे तिला शंका राहणार नाही. त्यांनी मान हलवली. “नाय. आदी तिला सांग. सायेब लोकांना मंग.” मला शिव्या दिल्या नाहीत, चहाही विचारला नाही. पत्ता आवडीकाकूंनी भट्टीच्या पावतीमागे लिहून घेऊ दिला.

म्हणून हे पत्र, गुरुवारच्या आत पोचावं म्हणून कुरिअरने पाठवतो आहे. क्षमा मागायला लिहिलेलं नाही, तू गुरुवारी यावंस म्हणूनही नाही. काकांनीही तसं काही सांगायला सांगितलेलं नाही. त्यांना तुझ्यापर्यंत हे समितीच्या कागदावरून नको होतं, ज्याने तुला खोटं सांगितलं त्याच्याच तोंडून हवं होतं. बाकी ठरल्याप्रमाणे होईल. गुरुवारी सुनावणीआधी, सकाळी अकराला, आसणवाडीच्या खांबापाशी समिती येणार आहे. सुप्रिया मॅडम पेटी घेऊन येतील. मी दुसऱ्या डब्यात तो जुना चुकीचा क्रमांक परत घालेन, दोन्ही रस्ते चालू ठेवेन आणि तलावावरून एकच संदेश निघेल. नदी रिकामी असेल, पाणी सोडणार नाहीत. काका पेटीपासून लांब, खालच्या डोहाच्या काठावर उभे राहणार आहेत. तशी जागा त्यांनीच मागितली. भोंगा अर्धा सेकंद वाजेल आणि थांबेल. मग समितीतलं कुणीतरी माझ्याकडे वळून विचारेल की हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं, आणि मी तारीख सांगणार आहे.

तुझ्या विश्वासाला न जागलेला,
हर्षद